मूठ वळली

सत्यशीला: आई, बरणीचं झाकण तूच उघडलंस ना आत्ता? मी दारातनं बघितलं.

कडूबाई: हळू बोल.

सत्यशीला: गणपतीपर्यंत तुझी मूठ वळत नव्हती. भाकरी मी थापायचे. दाखव हात.

कडूबाई: हे बघ. सकाळी आकडतो, ऊन चढलं की सुटतो. नगरच्या डॉक्टरीनबाईंनी दोनदा गोळ्या वाढवल्या, तवापासनं फरक हाय.

सत्यशीला: मग लपवतेस कशाला? काल आण्णांसमोर साधा तांब्या दोन्ही हातांनी धरलास.

कडूबाई: त्यांना कळलं तर ऊसतोडीला नेतील मला. आमवात हाय, मुळातनं जात न्हाई म्हनल्या बाई. आठवड्याची गोळी चुकवायची न्हाई, आन् ती लिव्हरला बाधती म्हनून दर म्हैन्याला रगात तपासायचं. फडातनं कोन सोडंल मला? लई सोसलंय गं. गोळी घेतली की दुसऱ्या दिशी पोटात नुसतं ढवळायचं, तरी एक बी चुकवली न्हाई. आवंदा तेवढं घरी ऱ्हावं म्हनलं.

सत्यशीला: आई, आण्णांनी मुकादमाला जोडी दिलीय.

कडूबाई: कसली जोडी? ते एकलेच चाललेत.

सत्यशीला: मुकादम एकट्याला घेत नाही. आण्णांनी माझं नाव सांगितलं. उद्या निघायचंय.

कडूबाई: तुझं? दहावीचं वरीस हाय तुझं.

सत्यशीला: परीक्षेपुरतं आणून सोडतो म्हणाले.

कडूबाई: मला कुनी बोललं न्हाई.

सत्यशीला: तुला घोर लागेल म्हणून. मी जाते, आई. चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. तू गोळ्या सोडू नको.

कडूबाई: मी बी एका सालापुरतीच गेल्ते. तुझ्याएवढीच हुते. म्होरल्या साली लगीनच लावलं.

(बिभीषण दोन कोयते घासून आत येतो.)

बिभीषण: काय खुसुरफुसुर चाललीय मायलेकीची? सत्ये, कपडे बांध. ट्रक पहाटंच येनार हाय.

कडूबाई: त्यातला एक कोयता द्या इकडं.

बिभीषण: आगं, पायावर पाडशील.

कडूबाई: द्या तर.

बिभीषण: घट्ट धरलास की. कवापासनं?

कडूबाई: झालं थोडं दिस. मुकादमाला सांगा, जोडी आपली दोघांचीच.

बिभीषण: मग आधी बोलायचं न्हाई व्हय? पोरीला न्यायची मला काय हौस हाय? डोळ्याला डोळा लागला न्हाई माझा.

सत्यशीला: आण्णा, तिचं दर महिन्याला रक्त तपासायचंय. तपासलं नाही तर गोळी घ्यायची नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय.

कडूबाई: मग न्हाई घेत.

बिभीषण: तिकडं बी दवाखाने असत्यालच की.

कडूबाई: हायेत. गेल्या साली तापानं फनफनले हुते, तवा एक खाडा तरी करू दिला का मुकादमानं?

बिभीषण: मी बोलतो त्याच्याशी.

कडूबाई: तवा बी बोलला हुता तुमी.

सत्यशीला: आई, हात परत वाकडे होतील गं.

कडूबाई: व्हतील. ये, बस म्होरं. हात चालतायत तवर वेणी घालून देते तुझी.