मायना

तनुजा : पेन बाहेर ठेवा, हेमाताई. इथे फक्त पेन्सिल चालते.

हेमा : मला काही लिहायचं नाहीये. मला माझी पत्रं वाचायची आहेत.

तनुजा : ती आता तुमची नाहीत. विद्यापीठाची आहेत.

हेमा : मी दिली म्हणून विद्यापीठाची. दोन वर्षांपूर्वी, याच टेबलावर. तूच चहा दिला होतास. साखर कमी होती.

तनुजा : आणि तुम्हीच अट घातली होतीत. मुक्ताबाईंची पत्रं तीस वर्षं कोणालाही दाखवू नयेत.

हेमा : कोणालाही म्हणजे लोकांना गं. मी काय लोकांपैकी आहे?

तनुजा : समितीचा नियम आहे. बंद म्हणजे सगळ्यांना बंद, देणाऱ्यालासुद्धा. मागे एका देणगीदारांचे चिरंजीव 'नुसतं बघतो' म्हणून आले आणि वडिलांचे अर्धे कागद पिशवीत घालून घेऊन गेले. तेव्हापासून आहे तो.

हेमा : मी ऐंशीला टेकलेय. तीस वर्षांनी येईन असं वाटतं तुला?

तनुजा : नियमात वयाचं काही लिहिलेलं नाही.

हेमा : सदाशिव पेठेतली दिसतेस.

तनुजा : बिबवेवाडी.

हेमा : अगं, मग मुक्ताच्याच गावची की. त्यांची शेती होती तिथे. सायकलला भाजीची पाटी बांधून निघायची, मंडईत भाजी उतरवायची आणि मग कॉलेजात. हाताला मेथीचा वास. पहिल्या दिवशी माझ्या बाकावर येऊन बसली, म्हणाली, 'जागा हाय ना?' आमच्या वर्गात कोणी 'हाय' म्हणत नव्हतं. मुली हसल्या. मी पण हसले. मी तेव्हा एवढीशी, बारीक. आणि टोचून बोलायची सवय.

तनुजा : ती अजून आहे.

हेमा : असू दे. आता कुठली शेती?

तनुजा : तिथे आमची सोसायटी असेल. खाली मोबाइलचं दुकान.

हेमा : दुसऱ्या वर्षाला तिचं लग्न झालं, फलटणला. मग पत्रं. शेवटपर्यंत.

तनुजा : मग दिलीत कशाला, इतकी जवळची होती तर?

हेमा : मुलगा आला होता. चार दिवसांत घर आवरलंन. पत्रांचा गठ्ठा हातात धरून म्हणाला, 'आई, ही रद्दी ना?' त्याचा दोष नाही, तिचं अक्षरच तसं. पण मी घाबरले. माझ्या मागे काय होईल ते दिसलं मला. तो विमानात बसला आणि मी रिक्षात. थेट तुझ्याकडे.

तनुजा : अक्षर खरंच वाईट आहे.

हेमा : म्हणजे वाचलीस.

तनुजा : वाचावी लागतात. कोणी, कुठून, कधी, कशाबद्दल, सगळी नोंद करायची असते. ते सलोनी करणार होती. तिचं कंत्राट वाढवलं नाही. साईनाथला परीक्षा विभागात नेलं. मग मीच बसले.

हेमा : म्हणजे या एवढ्या तळघरात तू एकटी?

तनुजा : पेट्या आहेत.

हेमा : बोलतात का?

तनुजा : तुमच्या मैत्रिणीची बोलते.

हेमा : टाचण्या होत्या त्या पत्रांना. एका वेळी चार-पाच कागद लिहायची ती.

तनुजा : काढल्या. आमचं पहिलं काम तेच. टाचणी गंजली की कागद खाते.

हेमा : गंजणारच. इतकी वर्षं झाली.

तनुजा : तुम्हाला हव्या होत्या?

हेमा : टाचण्या? खुळी का काय. सगळ्या टाकल्यास?

तनुजा : सगळ्या.

हेमा : बरं केलंस.

तनुजा : हेमाताई, तुम्हाला त्यातलं नेमकं काय बघायचंय?

हेमा : मायना. वरची ओळ. ती मला काय म्हणायची, तेवढंच. पुढचं पाठ आहे मला.

तनुजा : आणि मायना नाही?

हेमा : आहे की. पण स्वतःलाच हाक मारून बघ एकदा. मी मारली, स्वयंपाकघरात. कुकरची शिट्टी बरी. कर्वेनगरला मी आजी, बँकेत मॅडम, दवाखान्यात एकोणीस नंबर. मुलगा रविवारी फोन करतो, 'हां आई, बोल' म्हणतो, आणि तेव्हा नेमकं मला काही सुचत नाही. ते नाव फक्त मुक्तापाशी होतं. ती गेली. मग मी पत्र काढायची, वरची ओळ बघायची आणि ठेवून द्यायची. दिली तेव्हा वाटलं होतं, विद्यापीठ कुठे लांब आहे. वाटलं की जाऊ.

तनुजा : मायनासुद्धा पत्रातच येतो. मला दाखवता येणार नाही. पण एक मार्ग आहे. हा अर्ज. अट काढून घेतली म्हणून सही करा, मी आत्ता पेटी आणून देते.

हेमा : इतकं सोपं? मग मघापासून काय?

तनुजा : मग ती सगळ्यांनाच खुली होतात. वरद म्हणून एक संशोधक आहे, खेड्यातल्या बायकांच्या पत्रांवर काम करतो. दोनदा विचारून गेलाय.

हेमा : कसा आहे?

तनुजा : चांगला आहे. नीट लिहील.

हेमा : नीटच लिहील. तिला नवरा मारायचा ते नीट लिहील. कशानं मारायचा तेही. मुलांना यातलं काही माहीत नाही. त्याच्या फोटोला हार घालतात ती.

तनुजा : खरं सांगू? सही केलीत तर माझंही भलं आहे. वाचक वाढले की माणसं मागता येतात. सलोनी कदाचित परत मिळेल.

हेमा : म्हणजे तुलाही सोबत हवी आहे.

तनुजा : मला कामाला माणूस हवंय.

हेमा : तेच म्हणतेय मी. दे पेन.

तनुजा : घ्या.

हेमा : मघाशी बाहेर ठेवायला लावलंस.

तनुजा : सहीला चालतं.

(हेमाताई टोपण काढतात. बराच वेळ पेन कागदाला टेकत नाही.)

हेमा : तनुजा, तू सगळी वाचलीस?

तनुजा : सगळी.

हेमा : तू केली असतीस सही?

तनुजा : ते मला सांगता येत नाही. मी या विभागाची प्रमुख आहे.

हेमा : मी प्रमुखबाईंना विचारलं नाही.

तनुजा : नसती केली.

हेमा : हं. हे घे तुझं पेन.

तनुजा : हेमाताई...

हेमा : तो अर्ज फाडू नकोस. पाठकोरा आहे, वापर कशाला तरी.

तनुजा : रिक्षा बोलावू?

हेमा : बस मिळेल. आज चहा नाही विचारलास.

तनुजा : मागच्या वेळी साखर कमी पडली ना. आणि आता आत काही आणू देत नाहीत. बाहेर कँटीन आहे, दुपारी मी तिथे असते.

हेमा : कोणाबरोबर?

तनुजा : कोणी नाही.

हेमा : साखर?

तनुजा : मागून घेता येते.

हेमा : बघते. दुपारी मी झोपते जरा. पण बघते. निघू? जिना कुठल्या बाजूला, विसरलेच.

तनुजा : डावीकडे. दुसरी पायरी फुटलीय. सांभाळून चढ, टाचणे.

हेमा : हळू बोल गं. बंद आहे ते.