दादाच्या नावावरचा अंगठा

…नाही, तो कागद आधी टेबलावरून उचला, भाऊजी, तिथं मी कापड बेतते. आणि वाचून दाखवू नका, मला वाचता येतं – ‘अवजड वाहनचालक प्रशिक्षण, मुदत तीन महिने, पुढे नोकरीची हमी.’ हमी! हमी तर तुम्हीही दिली होती, चार माणसांत, लग्नाच्या दिवशी. कुठंय ती? माहेरी. चार वर्षं झाली. असू दे, तो विषय नको, तुमचं तोंड लगेच पडतं. तुम्ही विचारायला आलात ना, ट्रक शिकू की नको? तर नको. झालं. उत्तर मिळालं, आता पाणी प्या आणि घरी जा. – बसलातच? बरं बसा, पण खुर्चीवर नको, तिथं गणवेशाच्या पँटी आहेत, तीस पँटी, सगळ्यांचे पाय उसवून लांब करायचेत आज. पोरं वाढतात ना. काही माणसं वाढत नाहीत, पोरं वाढतात. त्या स्टुलावर बसा.

ट्रक म्हणजे काय वाटतं हो तुम्हाला? खिडकीत कोपर टेकवून गावं बघत जायचं? तुमचे दादा चोवीस वर्षं चालवतायत, विचारा त्यांना. भर पावसात वर चढून ताडपत्री ओढायची, दोर आवळायचे – तुमचे हे हात? कारखान्याच्या फाटकाबाहेर दोन-दोन दिवस बसून राहायचं, आतून कुणी बोलावलं की मगच जायचं, आणि नेमकं तेव्हाच पोट बिघडलेलं असतं. आणि तो लांब ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की मागचं धूड डावीकडे जातं. उलटं. तुम्हाला सायकलवर वळताना कुठला हात दाखवायचा ते अजून कळत नाही, तुम्ही दोन्ही हात सोडता. हसू नका, खरं आहे, भाजीवाला अजून सांगतो. एकोणचाळिसाव्या वर्षी तुम्ही विशी-बाविशीतल्या पोरांच्या रांगेत उभे राहणार, आणि ती पोरं तुम्हाला ‘काका’ म्हणणार, आणि तुम्ही गिअर शोधत बसणार.

का, तर बाटल्यांच्या कारखान्यातनं काढलं म्हणून. काढलं कुणी? कॅमेऱ्यानं. अहो, माणसाला माणूस हाकलतो, साहेब हाकलतो – ह्यांना कॅमेऱ्यानं हाकललं! एकोणीस वर्षं सरकत्या पट्ट्यासमोर बसून तडा गेलेली बाटली बाजूला काढायची, एवढंच काम. त्या मॅनेजरनं तुमची आणि कॅमेऱ्याची आठवडाभर शर्यत लावली होती ना? तीन बाटल्यांनी हरलात. आठवड्यात तीन बाटल्या. हे सांगताना तुमच्या दादांना वाईट वाटत होतं, मला वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, एवढ्या जवळ येऊन हरायला तेच हवेत.

काय? काय म्हणाला तो शिकवणारा? – ‘असे डोळे मी पाहिले नाहीत’? डोळे तपासायच्या तक्त्याची शेवटची ओळ वाचून दाखवलीत त्याला? लांबनं, दारातनं? आणि त्यावर फुगलात होय. अहो, ते मला सांगताय? देवानं तुम्हाला दोनच वस्तू धड दिल्यात, त्या मला ठाऊक नसणार? मी तर सहा वर्षांपूर्वीच हेरल्या होत्या. थांबा, जरा मशीन चालू ठेवते. भिंती पातळ आहेत, पलीकडची म्हातारी दिवसभर कान लावून असते.

ऐका आता. तो फॉर्म तुम्ही भरायचा नाही. तुम्हाला जमणार नाही म्हणून नाही – जमेलही, गाढवालाही जमतं, मी अशी गाढवं पाहिलीत – पण भरायचा नाही. कारण खाली अंगठा मागतात. लक्षात येतंय? नाही? तुमचे डोळे लांबचं बघतात, नाकासमोरचं नाही.

सहा वर्षांपूर्वी तुमच्या दादांचा डावा डोळा जायला लागला. त्यांना कळलं नाही, मला कळलं. मी डाव्या हाताशी चहा ठेवला की कोपर लागून सांडायचा. एक कप फुटला, दुसरा फुटला, तिसऱ्याला मी मुद्दाम ठेवला आणि बघत उभी राहिले. फुटला. डॉक्टर म्हणाला, आतली नस सुकतेय, गेलं ते परत येणार नाही. आणि दोन आठवड्यांवर लायसनची तपासणी! तेव्हा ह्याच खोलीत मी तुम्हाला म्हटलं, भाऊजी, तुमचा आणि ह्यांचा चेहरा एकच, तक्ता तेवढा वाचून या. तुम्ही काय म्हणालात? ‘दादासाठी काय पण.’ छाती काढून म्हणालात. दादानं शिकवलं, दादानं नोकरीला लावलं, दादानं लग्न करून दिलं – सगळं म्हणालात. मी अडवलं नाही.

आपलं ठरलं काय होतं? एकदाच. तक्ता वाचायचा, कागद घ्यायचा आणि यायचं. आणि नेमकं त्या दिवशी त्यांनी ते यंत्र आणलं. कारकून म्हणाला, अंगठा ठेवा – आणि तुम्ही ठेवलात! अहो, पोटात कळ आली म्हणायचं, चक्कर आली म्हणायचं, बाहेर येऊन मला फोन करायचा. पण नाही. कुणी ‘ठेवा’ म्हटलं की ठेवायचं. वर फोटो काढतो म्हणाला तर तुम्ही केस सारखे केलेत, हे तुम्हीच सांगितलंत मला, हसत. तेव्हापासून तिथं तुमच्या दादांच्या नावावर अंगठा तुमचा आहे. त्यांनी स्वतः ठेवला तर यंत्र लाल होतं. म्हणून तीन वर्षांपूर्वी परत तुम्हालाच पाठवावं लागलं. आता कळलं? कागदावर तुमचे दादा म्हणजे तुम्ही. आणि तुम्ही – तुम्ही तिथं कुणीच नाही. उद्या तुम्ही स्वतःचं नाव लिहून त्या काचेवर अंगठा ठेवलात की पडद्यावर कोण उगवेल? नाव त्यांचं, नंबर त्यांचा, आणि केस सारखे करून बसलेले तुम्ही.

– सांगून टाकाल? कुणाला? काय सांगाल?

बसा. बसा म्हणते ना. सांगायचंच असेल तर हमालाचंही सांगा. तो गोदामावरचा. तुमच्या दादांनी गाडी मागे घेतली, तो डावीकडे भिंतीशी उभा होता, ओरडला, हात हलवला – डावीकडे. पाय गेला गुडघ्यापासून. चौकशी झाली. हमाल म्हणाला, ड्रायव्हरला दिसत नाही, मी चार हातांवर उभा होतो. मग साहेबांनी कागद काढला. दोन्ही डोळे स्वच्छ, शेवटच्या ओळीपर्यंत. मग खोटं कोण? हमाल. निष्काळजी होता, प्यायला होता, असं लिहिलं आणि काढून टाकला. तो प्यायला नव्हता हो. माळकरी नसेल, पण त्या दिवशी प्यायला नव्हता. त्याला खोटं कुणी पाडलं? माझ्याकडे काय बघता? मी तक्ता वाचला का? तुमच्या डोळ्यांनी पाडलं त्याला. असे डोळे त्या शिकवणाऱ्यानं पाहिले नाहीत ना – त्या हमालानं पाहिलेत.

त्याची बायको आली होती इथं. तुम्ही बसलाय ना, त्याच स्टुलावर बसली होती. भांडायला आली असेल असं वाटलं मला, मी कात्री हाताशी घेऊन ठेवली. पण ती कसली भांडते. म्हणाली, ‘ताई, एवढंच सांगा, त्यांना दिसत होतं का? नसेल तर मी ह्यांच्याशी भांडायचं बंद करीन. की तुम्हीच प्यायले असाल म्हणून.’ मी म्हटलं, बाई, स्वच्छ दिसतं ह्यांना, सुईत दोरा ओवून देतात मला. मान हलवून ऐकलं तिनं. मग पिशवीतून नवऱ्याची पँट काढली. एक पाय आखूड करून हवा होता, खालून बंद. करून दिला. इथंच, ह्याच मशीनवर. पैसे घेतले नाहीत मी, तेवढी माणुसकी आहे मला. उरलेलं कापड तिनं परत मागितलं, तेही दिलं.

असं बघू नका. मी काय करायला हवं होतं? ह्यांना घरी बसवू? तुम्हाला सोपं आहे म्हणायला, ‘वहिनी, दादाला आता घरी बसू दे.’ अहो, महिन्यातले बावीस दिवस ते रस्त्यावर आणि आठ दिवस घरी, म्हणून हा संसार टिकलाय. आठ दिवसांत माझं डोकं उठतं. हे कुठंय, ते कुठंय, तू कुठं गेलीस, कोण आलं होतं. आंधळा नवरा बारा महिने ह्या दोन खोल्यांत? बोट धरून न्यायचं, बोट धरून आणायचं, घास कुठं आहे ते सांगायचं? मला नाही जमायचं. मी ते काम माझ्या सासूचं केलंय, सात वर्षं, तुमच्या आईचं – तेव्हा तुम्ही बाटल्या बघत होतात. रस्त्यावरच्या माणसांचं म्हणाल तर त्यातलं मी कुणाला ओळखत नाही. तुम्ही ओळखता?

उजवाही गेलाय थोडा. गेल्या खेपेला आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, ‘कोण?’ मी समोरच होते. ह्या इथं, दिव्याखाली. मी म्हटलं, मी, दुसरं कोण असणार. तर हसले, म्हणाले, ‘उन्हातून आलो ना.’ बाहेर ढग होते.

– हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगितलं तर सांगितलं. त्यानं काही बदलत नाही. उलट बरंच झालं, आता तुम्हालाही माहीत आहे. म्हणजे ह्यापुढं जे होईल ते माहीत असून केलंत असं होईल. आणि तुम्ही सांगायला गेलात तर मी काय म्हणणार आहे तेही ऐकून जा. मी शिवणकाम करते, मला कागदातलं कळत नाही. दोघं भाऊ आपसांत काय करत होते, मला कधी विचारलं नाही, सांगितलं नाही. अंगठा तुमचा, सही तुमची, फोटो तुमचा. आधी तुम्ही आत जाल, मग ते. तुमच्या दादांना तिथं भिंत धरून चालावं लागेल, आणि तुम्ही शेजारच्या कोठडीतून बघाल, स्वच्छ.

चौदा तारखेला त्यांची तपासणी आहे. पुढच्या महिन्यात. तुमच्या ह्या फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे? वीस? मग चौदाला जाऊन या, वीस तारीख आपोआप निघून जाईल. एकदा जाऊन या, म्हणजे तीन वर्षं निवांत. नंतर बघू. तोवर त्यांचे डोळे तरी पूर्ण जातील, नाहीतर – काय व्हायचं ते होईल. तुम्हाला गोदामात रखवालदार म्हणून लावायला सांगते ह्यांना. ते हमालाचं गोदाम नको असेल तर दुसरं बघू. त्या कामाला डोळे लागतात, तुम्हाला आवडेल.

द्या तो कागद. द्या हो, ओढाताण करू नका, फाटेल. चांगला जाड आहे. शर्टाच्या खिशाचा साचा बरेच दिवस करायचा होता मला, जुना मऊ पडलाय. हे बघा, कापला, बरोबर बसला. ‘नोकरीची हमी’ आतल्या बाजूला गेली.

उभे राहा. हात सैल सोडा. हा त्यांचा निळा शर्ट, मागच्या वेळी तुम्ही तुमचा तो चट्ट्यापट्ट्यांचा घालून गेलात, कारकुनानं विचारलं होतं ना, ड्रायव्हरचा खिसा एवढा कोरा कसा म्हणून? पेन नाही, तेलाचा डाग नाही. ह्याला आहेत डाग. घाला. बटणं लावा. – खांद्यात ठीक आहे. छातीत दोन इंच मोठा होतोय, तुम्ही वाळलात. आत घेते. मान वर करा, टाचणी टोचेल. वर, वर, भिंतीकडे बघा.

रडताय? रडा. आज रडून घ्या, उद्याही रडा, बारा तारखेपर्यंत रडा. त्यापुढं नको, डोळे लाल दिसतात. काढा शर्ट. आणि मिशीला आजपासून वस्तरा लावायचा नाही, दादांच्या मिशीएवढी होऊ दे. आता निघा, मला तीस पँटी आहेत.