एकच कडं

काय म्हणली? पियुष? — नाई, नाई, ऐकू आलं मले, पहिली बांगडी मनगटावर चढली का नवरीनं नाव घ्याच लागते, माह्या सासूच्या काळापासून रीत हाय या दुकानात, म्हणून इचारलं. उटनूरचा म्हणली ना? बियाण्याचं दुकान — चंपतरावचा पोरगा? हो काय. नाई वो, मी काऊन ओळखीन त्याले, आदिलाबादच्या बजारात बसलेल्या कासारणीले सारा जिल्हाच तोंडओळखीचा असते. हात ढिला सोड, मयूरी. मयूरीच ना? अंगठा आत दाब, असा — थांब, गेली. वाढली. तुटली म्हणायचं नाई, हिरवी बांगडी वाढते. तुह्या हाताचा दोष नाई, मीच जोरानं रेटली. घाई नाई ना? तुही मावशी, वच्छलाबाई, साडीले फॉल लावायले गेली, ते काई इतक्यात येत नाई.

आत कोण हाय म्हणते? माही पोरगी, हर्षाली. तुह्याच वयाची. बी.ए.ची परीक्षा हाय, एक जाडजूड कादंबरी लागली तिले — पुस्तक इंग्रजीत, मॅडम समजावते तेलुगूत, अन् पोरगी जेवताना मले सांगते मराठीत, तीन घरचं पाणी पिऊन येते ते गोष्ट माह्याजवळ. ऐक, हात भरेपर्यंत वेळ जाईन. एक डोंगर, डोंगरावर दगडी हवेली, हवेलीत एक साहेब. आता एवढ्या हवेलीत त्याले कामधंदा काई नाई — शेत नाई, दुकान नाई, बियाणं इकत नाई — दिवसभर खिडकीत उभा राहून उसासे टाकते. कपडे शिवणारी एक गरीब पोरगी आवडली त्याले. भेटते कुठं? वादळात, अंधारात, कबरस्तानच्या भिंतीपाशी. घरात बसून चहा पी ना बाबा — नाई, आभाळ गरजल्याबिगर त्याचं प्रेमच बाहेर येत नाई. शपथा काय, आणाभाका काय. अन् मंग एक दिवस शहरात गेला अन् पैसेवाल्याच्या पोरीसंग लगीन ठरवून आला. इचारलं तर म्हणते, माह्या घराण्याले शाप हाय. शाप! आपल्याकडचे पोट्टे म्हणते, घरचे ऐकत नाई. गोष्ट एकच होय, हवेली नसली का शाप परवडत नाई.

बोटं जुळव — हां. मंग ते शिवणारी काय करते? बदला घेते. अन् बदला कोणाचा, सांग? साहेबाचा? नाई वो. नवरीचा झगा शिवायले तिच्याचकडं येते, अन् नवरीच्या तोंडावर तो जाळीचा पदर असते ना त्यांच्यात, त्याच्यात जहर शिवून ठेवते ते. नवरी मेली. जिले काईच माईत नव्हतं तेच मेली. शिवणारी येडी होऊन डोंगरात फिरली अन् तिथंच मेली. अन् साहेब? साहेब मजेत म्हातारा झाला, दोन कबरीवर फुलं ठेवते अन् सारा गाव म्हणते, काय प्रेम होतं याचं. मी हर्षालीले म्हटलं, हे पुस्तक साहेबाच्या मायनं लिहिलं का वो? पहिले असं बोललं का हसे. आता नाई हसत. सोमवारपासून खाटेवर पडून हाय, पुस्तक उघडं करून तोंडावर ठेवलं. जेवत नाई. म्हणजे — अभ्यास करते. अभ्यासच.

दुखला का? मीच घट्ट धरला. नवरीचा हात हाती असला का कासारणीनं वाईट बोलू नाई, अन् मी बसली जहराच्या गोष्टी सांगत. खरं सांगू? तू नाव घेतलं तवा माह्या मनात येऊन गेलं, एक नंबर लहान चढवून द्याव्या हिले — हळदीच्या दिवशी मनगट सुजन, बसन कण्हत. आलं मनात. मंग तुह्याकडं पाह्यलं तर तू डोळे मिटून बसली, लहान लेकरू सुई टोचायच्या वेळी बसते तशी. चढवल्या मापाच्याच. काऊन आलं मनात म्हणते? काई नाई. उगाच.

हे कडं उचल बाजूले, बांगड्या भरायच्या म्हणून तूच उतरवून ठेवलं ना, खाली पडन. त्यानं देलं? दसऱ्याले सोनं द्यायले आला होता तवा? अन् एकच देलं? दुसरं कुठं हाय म्हणून इचारलं नाई तू? फॅशन हाय म्हणला. असन बाई. माही जिंदगी गेली बांगड्यात, असं मोराचं कडं एकलं मी तरी कवा पाह्यलं नाई — डब्बीत जोडी येते. अन् तुले मोठं बी होते, आतून दोरा गुंडाळला तू. हर्षालीनं बी दोराच गुंडा —

काई नाई म्हटलं मी. — बोलली का? बोलली. आता बोललीच.

थांब. हर्षालीचं कडं फळीवर हाय, हे पाय. ठेव तुह्या बाजूले. तुह्या मोराची चोच इकडं, हिच्या मोराची तिकडं — समोरासमोर बसायले बनवले कारागिरानं. दसऱ्याच्या सकाळी हिच्या हाती आपट्याचं पान देलं, कडं देलं, माह्या पाया पडला, माह्या हातची पुरी-बासुंदी खाऊन गेला. काकू म्हणे मले. उटनूरले परत जाताना तुमचं गुडीहत्नूर रस्त्यातच पडते ना? मंग बरोबर. एक गाडी, एक डब्बी, दोन घरं. अन् कासाराच्या पोरीले कडं आणलं याने — भाजीवालीच्या घरी वांगे नेल्यावानी — तेबी मापाचं नाई. दोन वर्सं हात धरला हिचा, मनगट केवढं हाय ते नाई पाह्यलं.

हे जुनं झालं असतं तर मी गप बसली असती, देवाशप्पथ. पण सोमवारी आला होता. मी या फळ्यांच्या मांगं होती, त्याले दिसली नाई. हर्षालीले म्हणते, "लगीन घरच्यांसाठी करून राह्यलो. तू कुठं जाऊ नको. आदिलाबाद काई दूर नाई, माल न्यायले तर येतोच मी." माल न्यायले! तवापासून मले चैन नाई, ते दुसरी पोरगी कोण, कोणत्या गावची, तिले हळद लागायच्या आंधी कोणी सांगन का नाई — हर्षाली नाव सांगे ना. अन् आज तूच येऊन हात पुढं केला. मले लय राग येते, मयूरी. तुहा नाई. तुहा येत होता मघा, पण आता नाई.

रड. माही आत रडते, तू इथं रड, तो तिकडं बियाणं इकत असन. पण दुसरा हात दे, एक हात भरला अन् एक रिकामा, अशी नवरी दुकानातून जात नाई. — काय? उतरव? हिरवा चुडा? माह्या हातानं मी कवाच कोणाचा — ए, आपटू नको, काच घुसन! फोडते ते नवरा गेल्यावर, अन् तो बसला हाय जित्ता. साबणाच्या पाण्यानं सरकवू, एकेक, अख्ख्या निघन.

हर्षाली, साबणाचं पाणी आण. आण म्हटलं ना. ठेव ते पुस्तक अन् बाहेर ये. — हे मयूरी. हे पाय, हे तुह्यं कडं अन् हे तिचं. काऊन अशी पाहून राह्यली, बस तिच्याजवळ. त्या हवेलीवाल्या दोघी अशा एका पाटावर बसल्या असत्या ना बाई, तर तुही कादंबरी दहा पानात खलास झाली असती. धर तिचा हात. अंगठा तू दाब, मी सरकवते. हळू.

कोण? वच्छलाबाई? लागला का फॉल? — नाई, नाई, तिथंच बसा जरा, बाहेर. नाई वो, भरून नाई झालं. उतरवून राह्यलो.