चाकांची खुर्ची

हॅलो? … हॅलो, कोण? … जोरात बोल बाप्पा, या नळीत मच्छर गुणगुणल्यासारखं ऐकू येते.

कोण, खुशाल? अकोल्याहून? … हो, हो, मी गोदाच. तुझी बहीणच बोलून राहिली. नातू कोर्टात गेला, गोवर्धन. नातसून या यंत्राले हात लावाले भिते, म्हणून ऐंशी वर्षांच्या बुढीनंच उचललं.

काय झालं? कोणी गेलं काय? … मंग? … काय आली म्हणतो? … खुर्ची? अरे, खुर्ची आली हे सांगाले ट्रंक कॉल लावला?

… चाकांची?

मुंबईहून. रेल्वेनं. … हो, हो, ऐकून राहिली ना. रबराची चाकं. मागून ढकलाले दांडा. … अन् ढकलते कोण? … सहदेव. म्हणजे गडी चालते अन् तू हवा खाते. बरं झालं, त्याचे तरी गुडघे चांगले राहतीन.

नाही, हसत नाही मी. हसाले काय आहे त्याच्यात? एकाहत्तर वर्षांचा माणूस लेकरासारखा ढकलत नेऊन राहिले, त्याले काय हसायचं?

आता कशात बसून बोलतो? … त्याच्यातच. वा.

अरे, ऐक ना… ऐक! खुर्ची डॉक्टरनं सांगतली काय? … मंग काय म्हणाला तो? … जिना चढू नका. बरं. अजून? … अजून काय म्हणाला, खुशाल? खरं बोल. … रोज सकाळ-संध्याकाळ थोडं चाला. … पाह्य! ते बरोबर विसरला, अन् जिना तेवढा ध्यानात राह्यला. खुर्ची मंग तुझ्याच डोक्यातून निघाली.

दुखते. दुखते, माहीत आहे. माझे काय दुखत नाहीत? सकाळी खाटेवरून पाय खाली सोडले की दोन्ही गुडघे कुरकुर करतात. मंग मी काय करतो? बसल्या बसल्या एक पाय सरळ करतो, दहापर्यंत मोजतो, खाली ठेवतो. मंग दुसरा. असं दहा-दहा वेळा. मंग उठतो, अन् विहिरीपर्यंत जाऊन येतो. … विहीर आटली तरी जातो. पाण्यासाठी थोडीच जातो!

खाऊन काय राहिला? … सकाळी? … जिलबी. … दोनच? तुझी दोन मले माहीत आहे. अन् दुपारी? … साखरभात. … अन् भाकर? … काय म्हणाला? पुन्हा बोल. … भाकर गडीमाणसं खातात?

अरे लेका, नत्थुजीचा पोरगा तू! नांदगावच्या वावरात आपल्या बाबानं म्हातारपणीसुद्धा ज्वारीची भाकर अन् अंबाडीची भाजी खाल्ली, अन् पंचाहत्तराव्या वर्षी बैलामागं चालला. अन् तू, दोन पावलं टाकली की धापा टाकतो, अन् भाकरीले नाक मुरडतो!

… नाही, तुझा दोष नाही म्हणा. तू कापसाच्या सालचा.

कोण? … हां, एक्स्चेंजवाले. … तीन मिनिटं झाली? वाढवा, वाढवा. म्हाताऱ्या माणसाचं तीन मिनिटांत काय होते? … हॅलो, खुशाल? आहे ना?

हो, कापसाच्या सालचा म्हटलं. तुले ते काय ठाऊक, तू पाळण्यात होता. तिकडे समुद्रापल्याड अमेरिकेत गोऱ्यांची आपसात लढाई लागली अन् इकडे आपल्या कापसाले सोन्याचा भाव आला. मी आठ-नऊ वर्षांची होतो. बाबानं तुरीचं तास मोडलं, तीळ मोडला, ज्वारीचं वावर मोडलं. अंबाडी लावाले बांधसुद्धा ठेवला नाही. सगळीकडे कापूसच कापूस. अन् मंग खायचं काय? तर बाजारातून गहू आण, साखर आण. रोज पोळी, रोज शिरा. बैलगाडीच्या चाकाले चांदीची पट्टी ठोकली होती बाबानं. लोक रस्त्यावर थांबून पाहत. तुले चार वर्षांचा होईस्तोवर कोणी जमिनीवर ठेवलं नाही. पाय मळतीन म्हणून!

… हो, कौतुकानंच. कौतुकानंच तर वाट लागली.

अन् आई… ऐक, हे तुले कोणी सांगतलं नसीन. कापसाच्या आधी आई पहाटेच पायली-दीड पायली ज्वारी दळे. मंग वावरात जाये, निंदण करे, डोक्यावर भारा घेऊन येये. कंबर दुखली म्हणाली असं मले आठवत नाही. पैसा आला अन् बाबानं दळाले बाई ठेवली. निंदाले मजूर. आईले म्हणाला, आता तू मालकीण, बसून राह्य. बसली. वर्षभरात कंबर धरली. मंग म्हणाला, पडून राह्य. पडली.

… काय? … हो रे, तुले ती पडलेलीच आठवते. मले माहीत आहे. तू आपल्या आईले उभी पाह्यलीच नाही.

… थांब. बोलू दे मले.

मले तिच्याजवळ बसवलं होतं. पाय दाबाले. अन् बाबानं बजावलं होतं, गोदे, तिले उठू देऊ नको. ती उठायची रे. कोपरावर जोर देऊन अर्धी उठायची. म्हणायची, गोदे, मले जराक उभी राहू दे, पाय मेल्यासारखे झाले. अन् मी काय करो? दोन्ही खांदे धरून तिले खाली लोटो. नऊ वर्षांची पोरगी, पण ताकद होती मले. ज्वारी खाल्लेली होती. लोटो अन् पाय दाबो. दोन वर्षं. मंग ती उठतो म्हणेचना.

लढाई संपली, भाव पडला, बाबानं पुन्हा ज्वारी पेरली. चांदीची पट्टी काढून विकली. सगळं पहिल्यासारखं झालं. आई तेवढी उठली नाही.

… खुशाल? … हॅलो? … आहे ना? नाक ओढून राहिला काय?

रडू नको. बुढा माणूस रडताना चांगला दिसत नाही. अन् फोनवर तर बिलकूल ऐकवत नाही. नाक पूस.

आता सांग, कसं दुखते? सुई टोचल्यासारखं की जड जड? … जड. सूज आहे? … नाही. मंग काय! सुई असती, सूज असती, तर बस म्हटलं असतं. जड आहे तर उठ.

आत्ता. … हो, आत्ताच, माझ्यासमोर. म्हणजे… तेच रे, फोनसमोर. सहदेवले म्हण, चाक घट्ट धर, अन् मले हात लावू नको. दोन्ही पाय जमिनीवर. पूर्ण टेकव. थोडे मागं घे, खुर्चीकडे. आता छाती पुढं झुकव. अजून. अन् उठ.

… उठला? … उठला की अर्धा? … मंग पूर्ण उठ! मुंबईची खुर्ची पळून जात नाही.

… हां. दम घे. आता फोन टेबलावर ठेव अन् दारापर्यंत जाऊन ये. तेवढंच. … पडला तर सहदेव आहे ना मागं! … आळशी! जिलबीखाऊ! दारापर्यंत तुले जाववत नाही? अंगणातली कोंबडी जाते, तू जाऊ शकत नाही? … बोल काय बोलायचं ते मले, पण चालता चालता बोल. जा.

…

हॅलो? … खुशाल?

… कोण, एक्स्चेंज? नाही, नाही, तोडू नका! चालू आहे बोलणं. … कोणाचाच आवाज येत नाही? येत नाही म्हणूनच तर चालू ठेवा म्हटलं!

…

हॅलो? … कोण? … रुख्मिणी? कुठं आहे तुझा सासरा? … खुर्चीत नाही, ते समजलं मले. दारापर्यंत जा म्हटलं होतं. … ओसरी उतरला? … फाटकाजवळ? अन् सहदेव? … मागं मागं आहे. बरं.

काय बडबडत गेला? … सांग, मले राग येत नाही. … 'त्या बुढीले दाखवतो.' … म्हणू दे.

फाटक उघडून राहिला? … उघडू दे. … अनवाणीच? सहदेवकडे चपला धाड. … अगं नाही, नाही! तू हाक मारू नको! खिडकीतसुद्धा उभी राहू नको, बाजूले हो. माया करणारं माणूस दिसलं की तो बसून जाईन. … हो, जेवण थंड होऊ दे. … नाही, मले त्याच्याशी काही बोलायचं नाही.

ठेव आता. … ठेव म्हटलं ना, रुख्मिणी. त्याले जाऊ दे.