आकडा नसलेली खोली

नाही, नाही, मिस्टर लाहती, किती लोक येतात त्याचा आकडा नाही म्हणजे आकडा शून्य आहे, असं नाही ना! आकडा आहे — फक्त तो कोणालाच माहीत नाही. मलासुद्धा नाही. हसा, हसा, माझे प्राध्यापकही असेच हसले होते, मग एकदम हसायचे थांबले, ते जास्त वाईट होतं. कसं आहे, ही खोली मी मुद्दामच अशी केली — पूर्वी इथे झेरॉक्सचं मशीन होतं, नंतर ग्रंथपाल मॅवीसबाई त्यात ग्रंथालयाच्या मोडक्या खुर्च्या कोंबायच्या — आता आत एक कॉम्प्युटर, एक धड खुर्ची, आतून लागणारी कडी. नाव विचारायचं नाही, कार्ड मागायचं नाही, आणि माणूस उठून कडी काढतो तेव्हा कॉम्प्युटर सगळं विसरून जातो. कोण आलं, काय पाहिलं, किती वेळ बसलं, काही उरत नाही. मला वाटलं, काय डोकं चालवलंय मी! जे गोळाच केलं नाही ते चोरणार कोण? विद्यापीठात हे मी असे हात उंचावून सांगितलं, टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाकावरून एकाने विचारलं, मग तुझ्या प्रबंधात काय असेल? मी त्याच्याकडे असं पाहिलं की जणू त्याने प्रार्थना चालू असताना शीळ घातली. आता तोच प्रश्न तुम्ही विचारताय, आणि तुमच्याकडे तसं बघणं मला परवडणार नाही. संध्याकाळी काउंटीच्या सभेत ही खोली ठेवायची की बंद करायची ते ठरणार, आणि मॅवीसबाई म्हणतात, बाकीच्यांची मतं निम्मी-निम्मी आहेत, लाहती म्हणतील तसं होईल.

हो, मान्य. पैसा लोकांचा आहे. लोकांना हिशेब दिला पाहिजे. आता गावभर तार टाकून झाली, घरोघरी इंटरनेट पोचलं, मग ग्रंथालयात ही कोंदट खोली कशाला — हेच ना तुमचं म्हणणं? रास्त आहे. म्हणजे चूक आहे, पण रास्त आहे. थांबा, उठू नका, कॉफी संपवा. आकडे नाहीत माझ्याकडे, पण माणसं आहेत. माणसं सांगते. अर्थात नावं न घेता — नावं न घेणं हे तर माझं शिक्षण आहे, त्याची मी परीक्षा दिलीय, पास झालेय. तर समजा, एक गृहस्थ आहेत. ते वाहन चालवतात. मोठं. हिवाळ्यात जास्त. ते इथे बसून — काय? बर्फ काढायचा ट्रक? ट्रक कोण म्हणालं? अख्ख्या काउंटीत दोनच चालक आहेत? आणि त्यातली एक बाई आहे? बरं मग, गृहस्थ नव्हेत, व्यक्ती. एक व्यक्ती इथे बसून वाचायला शिकते. पन्नाशी उलटल्यावर. बायकोसमोर लाज वाटते म्हणून — आता बायको आहे म्हटल्यावर व्यक्ती म्हणण्यात काही राम उरला नाही, कळतंय मला. तुम्ही त्यांना काही बोलू नका हं. रस्त्यात भेटले तर नेहमीसारखा हात करा.

दुसरं उदाहरण नीट देते. एकजण लांबच्या गावात नोकरी शोधतायत. इथल्या लोकांना कळू नये असं त्यांना वाटतं, कारण इथल्या लोकांचा त्यांच्यावर फार जीव आहे. रविवारी त्यांचं काम — अरे देवा. तसं बघू नका ना. रविवारी पुष्कळ लोक काम करतात! पेट्रोल पंपवाले करतात. पंपवालाच समजा. नाही, तुम्ही कुठल्या चर्चमध्ये जाता ते मला सांगू नका, मला ते ऐकायचंच नाही!

आणि आता तुम्ही विचारणार — विचाराच — की कॉम्प्युटर सगळं विसरतो तर हिला हे कसं ठाऊक? तीच तर गंमत आहे. भिंत प्लायवुडची आहे. मीच आणली, स्वस्तातली, पाठीवर लादून. आणि माझं टेबल कुठे आहे? भिंतीला लागून. माणसं बाहेर येतात, डोळे पुसतात, हातमोजे चढवता चढवता दोन शब्द बोलतात, आणि मी आपली मान हलवते, समजूतदारासारखी. माहितीचा मागमूस राहू नये म्हणून तीन हिवाळे झटले, आणि त्या खोलीला एकच कान ठेवला, तो माझा. पुसायची सोय नसलेला. माझ्या प्राध्यापकांना हे सांगितलेलं नाही अजून. तुम्हाला का सांगतेय, कोण जाणे. तुमचा चेहरा असा आहे — ऐकून घेणारा.

पण तिसरं ऐका. हे ऐकलंत की तुम्ही स्वतः सभेत उभे राहाल. अख्खा प्रबंध यावर उभा आहे माझा. एक बाई येतात. वयस्कर, फार गोड. नाव मी कधी विचारलं नाही, खरंच नाही, शपथ. आणि त्यांच्या घरी इंटरनेट आहे! चांगलं, वेगवान, मोठ्या पडद्याचं सगळं. तरीही बर्फातून गाडी चालवत इथे येतात. का? कारण तो मोठा पडदा दिवाणखान्यात आहे, आणि दिवाणखान्यात नवरा आहे. आलं लक्षात? तुम्ही तार मोजता, मिस्टर लाहती! वेग मोजता! अमुक इतकी घरं जोडली म्हणून मोठा फलक लावता! पण त्या घरात लावून घ्यायला एक दार आहे का, हे कोण मोजणार? त्या बाईंची मुलगी दलूथला असते. तिने कोणाशी तरी लग्न केलं, ते वडिलांना पटलं नाही, तेव्हापासून घरात तिचं नाव निघत नाही. कोणी बंदी घातलीय असं नाही, मारहाण नाही, काही नाही — नाव निघालं की तो माणूस उठून लाकडं फोडायला जातो. बस. मग आई काय करते? चर्चच्या गोधडी मंडळाला जाते असं सांगून इथे येते. इतके महिने! एक गोधडी घरी आलेली नाही आणि त्या नवऱ्याला शंका येत नाही, म्हणजे बघा काय ध्यान असेल. मी तर रोज कल्पना करते — बसलाय खुर्चीत, वर्तमानपत्र उघडून, आपल्या घरात सगळं ठीक आहे म्हणून खूश! आणि इकडे भिंतीपलीकडे आजी नातवाला फिनिश भाषेतलं गाणं म्हणून दाखवतेय, तो पलीकडून टाळ्या वाजवतोय, दोन दात आलेत त्याला, परवा तर पहिल्यांदा उभा —

काय म्हणालात?

नाव? बाळाचं नाव कशाला हवंय तुम्हाला?

चष्मा का काढलात, मिस्टर लाहती?

नाही. नाही, नाही, नाही. थांबा. असं काही नाहीये. अहो, ही सगळी उदाहरणं आहेत! उदाहरण म्हणजे काय, बनवलेलं. अभ्यासात असंच करतात, चार माणसांचं मिळून एक करतात, गाव बदलतात, मी दलूथ म्हटलं, पण दलूथ कशावरून असेल? कुठलंही शहर असेल. दातसुद्धा मीच घातले पदरचे. मला मत हवं होतं तुमचं, म्हणून रचलं सगळं. तो ट्रकवालाही खोटा. ते रविवारवालेही. भिंत चांगली जाड आहे, टिचकी मारून बघा — नको, मारू नका. मला काहीही ऐकू येत नाही इथे. खरं सांगू? कोणी येतच नाही. तीन हिवाळ्यांत एक माणूस फिरकला नाही. सभेत सांगा तसं. त्या पोरीने स्वतः कबूल केलं म्हणावं, खोली रिकामी असते, बंद करा. मॅवीसबाईंना मी सांगेन, प्राध्यापकांना सांगेन. खुर्च्या ठेवायला जागा होईल त्यांना.

नका ना परत विचारू. मला माहीत असतं तरी ते माझं नव्हतं सांगायचं. माहीत नाहीये. माहीत असतं तरी.

कुठे निघालात? दरवाजा इकडे आहे, बाहेरचा. तिथे काही नाही, मिस्टर लाहती. खुर्ची आहे एक. कॉम्प्युटरला काही आठवत नाही — तेवढं एक मात्र मी नीट केलंय, खरंच नीट — तिथे कोणाचंही काही सापडायचं नाही तुम्हाला.

बसायचंय?

बसा की. चालू नाही केलंत तरी हरकत नाही. कॉफी बाहेर ठेवा, आत सांडते. कडी जरा घट्ट आहे, दार वर उचलून सरकवावी लागते. हां, अशी.

मी माझं टेबल हलवते.