अर्ध्या सफरचंदाच्या पुढे

—नाही नाही, तो नळ तसाच आहे, उलटा फिरतो. डावीकडे फिरवलात तर नुसता खोकत बसेल. आणि कपाटाच्या दाराखाली कागदाची घडी आहे ना, ती काढू नका हं बाई, छत्रीवाल्या गुरुजींनी बसवलीय. त्यांनी केलेलं तेवढंच काय ते टिकलंय. कोण म्हणजे? तुमच्या आधीचे हो! परदेशातून आमच्या शाळेत फुकट शिकवायला जो कोणी येतो, तो याच खोलीत उतरतो — शाळा भिंतीपलीकडे, जेवण माझ्या हातचं. बसा तुम्ही, दमला असाल. मी चादर घालता घालता बोलते. गप्प राहून माझ्याच्याने काम होत नाही. आमचे हे म्हणतात, तू देवापुढे बसलीस की देवालासुद्धा मध्ये बोलायला फट सापडत नाही. म्हणू देत! माझं देवाशी बरं चाललंय. नवस बोललेय मी त्याला. कसला ते विचारू नका, नवस सांगायचा नसतो — तर तो असा, की एक तरी शिक्षक अर्ध्याच्या पुढे जाऊ दे, तोवर मी चहात साखर घालणार नाही.

अर्ध्याच्या पुढे म्हणजे — कसं सांगू — अहो, जो येतो तो अपूर्णांकांपासून सुरुवात करतो. का, देव जाणे. एक सफरचंद आणायचं, सगळ्यांना दाखवायचं, मधोमध कापायचं. हे झालं अर्धं. पुन्हा कापायचं. हा झाला पाव. पोरं डोळे मोठे करतात, ‘अय्या!’ म्हणतात, टाळ्या पडतात, फोटो निघतात. मग बाहेरच्या भिंतीवर सगळे मिळून एक हसरा सूर्य रंगवतात. तेवढ्यात मुदत संपते. निरोपाला मीच रडते, कारण माया लागतेच हो, माणूस आहे. पुढच्या सुट्टीत आमचे हेडसर सूर्यावर पांढरा हात मारून ठेवतात — नव्या माणसाला भिंत कोरी नको का? आणि नवा माणूस येतो तो सफरचंद घेऊन!

हसताय? हसा, हसा. पण पोरांना हसू नका, बिचारी फार मनापासून ‘अय्या’ म्हणतात. तालीमच तशी घेतात हेडसर — अगं बाई, हे सांगायचं नव्हतं मला. जाऊ दे, निघालंच आहे तोंडातून तर पुरतं ऐका, अर्धवट ऐकलं की माणूस वाईटच समजतो. झालं असं, की एक गाणंवाल्या बाई होत्या. गोड गळा, गोड स्वभाव. त्यांनी सफरचंद टेबलावर ठेवलं, सुरी हातात घेतली, आणि कापायच्या आतच अख्खा वर्ग ओरडला, ‘अर्धं! मग पाव!’ बाईंचा चेहरा उतरला तो उतरलाच. ‘मग माझी इथे गरज काय?’ म्हणाल्या, आणि इथेच, याच खाटेवर बसून बॅग भरली. तेव्हापासून हेडसरांचा नियमच आहे — नवीन माणूस आला की कुणाला काही म्हणजे काही येत नाही. हेडसर स्वतः का शिकवत नाहीत पुढचं? त्यांना वेळ कुठेय बाई, ते तालीम घेतात ना!

आमच्या धाकटीचं ‘अय्या’ सगळ्यांत छान होतं. शाळा कधीच संपली तिची, तरी नवा माणूस आला की पहिल्या बाकावर बसवतात तिला मुद्दाम. आणि तिचंच तर सगळं अडलंय. नर्स व्हायचंय पोरीला. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, तेव्हा त्यांचं सगळं हिने केलं, कधी नाक मुरडलं नाही. पण नर्सच्या शाळेत प्रवेश म्हणजे परीक्षा आली. मागच्या खेपेला विचारलं होतं, बाटलीतल्या औषधाचा तिसरा हिस्सा सकाळी दिला, चौथा हिस्सा संध्याकाळी दिला, तर उरलं किती? हिने लिहिलं, अर्धं! काय लिहिणार दुसरं? तिला जन्मभर अर्धंच तर शिकवलंय! यंदा शेवटची संधी आहे हो. पुढच्या वर्षी वय उलटतं.

तोंडाने का नाही मागितलं? मागायचं कसं? माणूस घरदार सोडून, समुद्र ओलांडून येतो, आणि आपण त्याच्या तोंडावर म्हणायचं, हे आम्हाला येतं? पाहुण्याने खाऊ आणला तर ‘आमच्या डब्यात आहे’ म्हणून कोणी परत करतं का? म्हणून मी आपली देवाला सांगते. त्याला सांगितलेलं कुणाला लागत नाही. तुमचं पत्र आलं तेव्हा मला वाटलं, या बाई वेगळ्या. अक्षरच मुळी सरळ होतं. म्हटलं, यंदा साखर —

ही पिशवी कुठे ठेवू? गोल गोल काय लागतंय हो यात?

...सफरचंद.

छान आहे. लालबुंद आहे अगदी. नाही, नाही, मी कशाला काय म्हणते! खालच्या खणात सुरी आहे, धारही केलीय. अगं धाकटे, दारात काय उभी राहिलीस, आत ये, या नव्या बाई. आणि हे बघ त्यांनी काय — ऐकलंत? कसं सुरेख ‘अय्या’ म्हणाली! अजून कापलंसुद्धा नाही.

अहो, अख्खं का देताय तिला? खाऊन टाक म्हणता? सुरी नको? मग शिकवणार कशावर... काय विचारलंत? तिसरा हिस्सा आणि चौथा हिस्सा? मिळून किती?

सांग ना गं. धाकटे?

बाई... गप्प झाली ही. खरंच गप्प झालीय! हे तालमीतलं नाही हो, आई आहे मी, मला कळतं — हिला खरंच येत नाहीये!

बघताय काय माझ्याकडे? तिला सांगा. मी चहा टाकते. बिनसाखरेचाच, उत्तर येईपर्यंत. दार लोटून घेते हं.