अकराव्यांदा विचारलं तेव्हा

मंडळी, ऐका! आज प्रश्न सोपा आहे. 'नाही' या शब्दाचं वजन किती?

बोला! तबलजी, तुम्ही बोला. नाही सांगता येत? बघा, तबलजींनी माझ्यावरच 'नाही' टाकला! लागला का मला? खरचटलं का? धोतर फिटलं का? काहीच नाही! मग मला एक सांगा – ज्याला वजन नाही, जो दिसत नाही, त्या एका शब्दाला घाबरून माणूस आयुष्यभर तोंड मिटून का बसतो?

मला उत्तर माहीत नाही. आधीच सांगतो. नाहीतर शेवटी म्हणाल, बुवांनी फसवलं. मी नुसती गोष्ट सांगणार. उत्तर तुम्ही काढा आणि जाताना मला सांगून जा.

तर बार्शीत एक चिदानंद बिराजदार. सगळे चिदूभाऊ म्हणायचे. वय सेहेचाळीस. पंधरा वर्षं ओस्तवाल शेठच्या गोदामात खोकी उचलली. मग एक दिवस शेठ म्हणाले, "चिदू, तुला बोलायला चांगलं येतं. उद्यापासून तू सेल्समन!" आणि घरघंट्या विकायला पाठवलं. घरघंटी ठाऊक आहे ना? पिठाचं घरगुती मशीन. वरून धान्य घाला, झाकण लावा, बटण दाबा, खाली पीठ!

बायको महानंदा इतकी खूश, की तिनं सोलापूर ते इंडी, सगळ्या नातेवाइकांना फोन केले. "आमचे हे आता इस्त्रीच्या शर्टात असतात!"

चिदूभाऊ मालाची रिक्षा घेऊन निघाले. मागे डेमोचं मशीन. गल्लीत रिक्षा लावायची, कुणाच्या तरी ओट्यावर मशीन उतरवायचं, आणि सुरू! "ताई, ही मोटर बघा. हा दगड बघा. ही जाळी बघा. आणा तुमची ज्वारी, दळूनच दाखवतो!" दळून दाखवायचे. बाई पीठ चिमटीत घेऊन बघायची. "वा भाऊ! काय बारीक आलंय!"

आता मला सांगा – याच्यापुढं काय म्हणायचं असतं? "घेता का ताई?" हो ना? दोनच शब्द!

चिदूभाऊ काय म्हणायचे? "घाई नाही ताई. सावकाश विचार करा. मी पुढच्या मंगळवारी येतोच."

आणि निघायचे! अहो, बाईच्या तोंडात 'हो' आलेला असायचा. ती 'हो' तसाच गिळायची आणि आत जायची. कारण आपल्याला कुणी 'घाई नाही' म्हटलं, की आपल्याला खरंच घाई नसते. हसू नका! मागच्या खांबाजवळ जे जास्त हसतायत ना, त्यांनी देवळाच्या पत्र्याला रंग द्यायचं कबूल करून दोन वर्षं झाली. त्यांनाही आम्हीच म्हटलं होतं – घाई नाही!

बरं, पुढच्या मंगळवारी काय व्हायचं? बाया आधीच ओट्यावर हजर! डबे घेऊन! कुणाचे गहू, कुणाची डाळ. "भाऊ, मागच्या वेळी नीट बघितलं नाही, परत दाखवा की!" चिदूभाऊ परत दाखवायचे. दर मंगळवारी रांग वाढायची. सहा आठवड्यांत असं झालं, की त्या गल्लीतल्या बाया गिरणीत जायच्याच बंद झाल्या. मंगळवार म्हणजे डेमोवार! फुकट दळण! आणि घंट्या किती विकल्या? एकही नाही!

चिदूभाऊ पुरते गोंधळले. घरी येऊन म्हणायचे, "महानंदा, मला कळतच नाही गं. लोक कौतुक करतात, चहा पाजतात, वाट बघतात. मग घेत का नाहीत?"

ती म्हणाली, "तुम्ही विचारता ना?"

"अगं, विचारायचं काय त्यात? त्यांना कळत नाही का?"

"मला लग्नाआधी कळलं होतं तुमच्या मनात काय आहे ते. तरी तुमच्या मामांनाच येऊन विचारावं लागलं!"

पेटीवाले, तुम्ही का खाली बघताय? तुमचंही मामांनीच जमवलं वाटतं!

आता शेठ. शेठनी बोलावून घेतलं. "चिदू, दसऱ्यापर्यंत एक घंटी वीक. एक! नाही जमलं तर डेमोचं मशीन आणून ठेव आणि परत गोदामात ये. खोकी आहेतच."

मंडळी, खोकी उचलण्यात कमीपणा नाही. पण महानंदानं इंडीपर्यंत फोन केले होते ना! आता तेवढेच फोन परत करायचे? 'आमच्या यांचा शर्ट उतरला' म्हणून?

दसऱ्याला दोन दिवस उरले. मंगळवार. चिदूभाऊ गल्लीत आले. त्या दिवशी मशीन उतरवलं कलाक्काच्या ओट्यावर.

कलावती डोईफोडे! गल्ली तिला कलाक्का म्हणायची. भाजणी, पापड, शेंगाचटणी करून विकायची. नवरा अण्णा, एस्टीतून रिटायर. कलाक्कानं सहा मंगळवार चिदूभाऊकडून भाजणी दळून घेतली होती. सातव्या मंगळवारी ती पदर खोचून ओट्यावर उभी. रांगेतल्या बायांना म्हणाली, "आज डेमो बंद. डबे खाली ठेवा आणि गप बसा."

बाया गोंधळल्या. चिदूभाऊ त्याहून गोंधळले.

"चिदू, बैस. मला तुझं मशीन घ्यायचं नाही."

गेलं! विचारायच्या आधीच 'नाही'! चिदूभाऊ म्हणाले, "बरं अक्का, काही हरकत नाही. घाई–"

"घाई नाही म्हणालास तर उलथन्याचा चटका देईन! ऐक. तू मला विचारायचंस, 'घेता का?' दहा वेळा. आणि दहाही वेळा मी 'नाही' म्हणणार. कबूल?"

"अक्का… तुम्ही नाहीच म्हणणार, तर मी विचारायचं कशाला?"

तुम्हीच सांगा मंडळी, कशाला? मला पहिल्यांदा ही गोष्ट ऐकताना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. चिदूभाऊंनाही तेच वाटलं. पण समोर बाई, हातात उलथनं, आणि आडनाव डोईफोडे! माणूस 'कबूल' म्हणणार नाहीतर काय!

"हं. विचार."

चिदूभाऊंनी घसा खाकरला. "अक्का… ते… पाऊस बरा झाला नाही यंदा?"

"विचार!"

"घे… घेता का?"

"नाही."

चिदूभाऊंनी मान आत घेतली. जसं काही वरचा पंखाच डोक्यावर पडणार! बघितलं वर. पंखा फिरतोय. खाली बघितलं. ओटा जागेवर. आपली छाती चाचपली. धडधडतीय, पण आत आहे.

"झालं एक," कलाक्का म्हणाली. "मेलास का?"

"नाही अक्का."

"मग परत विचार."

दुसऱ्यांदा विचारलं. नाही! तिसऱ्यांदा. नाही! आता बायाही मोजायला लागल्या. "चार!" "पाच!" पाचव्याला चिदूभाऊंना हसूच आलं. आणि सहाव्याला – ऐका हं – सहाव्याला माणूस चिडला! गेले सहा आठवडे ज्याच्या तोंडून साधा शब्द निघत नव्हता, तो म्हणाला, "अहो अक्का, पण का नाही?"

कलाक्का थांबली. "हे मोजणीत धरत नाही. पण सांगते. आवाज! आमच्या अण्णांनी तीस वर्षं स्टँडवर गाड्या पुकारल्या. दुपारी दोन तास शांतता मिळाली नाही, तर संध्याकाळी ते मलाच पुकारतात."

चिदूभाऊ बघतच राहिले. सहा आठवडे ते मोटर सांगत होते, दगड सांगत होते, जाळी सांगत होते. आणि या घरात प्रश्न होता अण्णांच्या झोपेचा! कुणाला माहीत होतं? कलाक्काला. तिला कुणी विचारलं? कुणीच नाही!

"मागच्या पडवीत ठेवू. खाली जाड रबर घालू. अण्णांची खोली पुढे आहे. मग घेता का?"

"नाही. सात! आणि ऐन दिवाळीत बंद पडलं तर? माझ्या ऑर्डरी राहतील. तुला कुठं शोधू?"

"मी येईन. बघा, रिक्षात पाना-पकड असतेच. अंघोळ राहिली तरी आधी इथं येईन. मग घेता का?"

"नाही. आठ!"

"मग आता अडलंय कुठं?"

आता कलाक्काचा आवाज उतरला. "कोपऱ्यावर इराप्पाची गिरणी आहे. आमच्या लग्नाच्या लाडवांची डाळ त्यानं दळली. माझ्या घरात मशीन आलेलं बघून त्याला काय वाटेल रे?"

इथं कुणीही पट्टीचा सेल्समन म्हणाला असता, सोडा हो त्याचं! चिदूभाऊंनी कोपऱ्यावरच्या गिरणीकडं बघितलं. मग म्हणाले, "अक्का, गहू आणि ज्वारी इराप्पांकडंच द्या. या मशीनवर नुसती भाजणी करा. ती तशीही त्यांना नको असते, गिरणीला तिचा वास राहतो. आणि इतके मंगळवार मी फुकट दळून सगळ्यात जास्त नुकसान त्यांचंच केलंय, हे मला आत्ता कळतंय." मग मान वर केली. "मग घेता का?"

"नाही. नऊ."

आत अण्णा उठून बसलेले. दहावा! चिदूभाऊ उभे राहिले. शर्ट सारखा केला. मान खाली नाही, आवाज चोरटा नाही. सरळ डोळ्यात बघून म्हणाले, "अक्का, हे मशीन तुमच्या कामाचं आहे. घेता का?"

पेटीवाले, सूर धरून ठेवा… सोडू नका…

कलाक्का म्हणाली, "नाही!"

सोडा सूर.

आँ? तुमचे चेहरे बघा कसे झालेत! तुम्हालाही वाटलं होतं ना, ती 'हो' म्हणेल? चिदूभाऊंनाही वाटलं होतं! दहा नकार कबूल केलेले, दहा मिळाले. चोख व्यवहार! तरी माणसाला वाईट वाटलंच. त्यांनी मशीन उचललं, रिक्षात ठेवलं. निघताना सवयीनं तोंडातून आलं, "बरं अक्का, घाई–" आणि जीभ चावली. रिक्षा सुरू केली. निघाले.

अण्णा बाहेर आले. "अगं, गेला की तो! तुला मशीन पाहिजे होतं ना? हाक मार!"

"मी नाही हाक मारणार," कलाक्का म्हणाली. डोळे रस्त्याकडं. "माझे दहा संपले. आता पुढचं त्याचं."

"आणि नाही आला तर?"

कलाक्का उलथनं उगाच पदराला पुसत राहिली. म्हणजे तिलाही खात्री नव्हती हो!

रिक्षा कोपऱ्यावर गेली. इराप्पाच्या गिरणीपाशी. थांबली. बाया टाचा उंचावून बघतायत. एक मिनिट झालं. दोन झाली. आणि मग मंडळी, रिक्षा मागं यायला लागली! उलटी! रिव्हर्सला ते पिपाणीसारखं वाजतं ना, पीं पीं पीं करत सगळी गल्ली उलटी आली. एक शेळी आडवी आली, तिला वळसा. एक सायकल, तिला वळसा. ओट्यापाशी थांबली. चिदूभाऊंनी डोकं बाहेर काढलं.

"अक्का, कबूल दहाचं होतं ना?"

"हो."

"अकराव्याचं काही ठरलं होतं का?"

"काहीच नाही."

"मग घेता का?"

"अरे मुडद्या!" कलाक्का ओरडली. "कोपऱ्यापर्यंत गेलास होय! माझा जीव अर्धा झाला! उतरव ते! आणि हेच ठेव, नवीन खोकं नको. सहा मंगळवारची माझी भाजणी मुरलीय त्यात!"

मशीन आत गेलं. पडवीत. अण्णांनी स्वतः खाली रबर घातलं! आणि रांगेतली एक बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "आणि भाऊ, आम्हाला कधी विचारलंत हो?" चिदूभाऊ वळले आणि तिथल्या तिथं सगळ्यांना विचारलं. पाच जणी नाही म्हणाल्या. एक हो म्हणाली. आणि त्या पाच 'नाही'ला चिदूभाऊंनी हसून काय म्हटलं माहीत आहे? "का नाही?"

दुकानात गेले, तर शेठ म्हणाले, "डेमोचं मशीन कुठाय?"

"विकलं."

"विकलं? अरे, मग आता डेमो कसला करणार?"

"करणार नाही शेठ. आता नुसतं विचारणार."

शेठ अजून गोंधळलेले आहेत. पण शर्टाची इस्त्री कायम आहे!

आता मला सांगा, कलाक्कानं दहावा 'नाही' का म्हटला? मशीन तर तिला पाहिजेच होतं. मी ही गोष्ट कितीतरी देवळांत सांगितली. कधी वाटतं, ती शब्दाला पक्की होती. कधी वाटतं, दहा वेळा विचारून थांबणारा माणूस तिला नकोच होता. कधी वाटतं, गंमत करत होती. तीस वर्षं कीर्तन करतोय, त्या दत्तगुरूंसमोर उभं राहून मीही काही मागितलंय. 'नाही' मिळालाय. तो 'नाही' होता, की तो माझा दहावा होता? मला अजून कळत नाही. खरंच नाही कळत.

पण तुमचं मला कळतं! चला, आता विचारतो. उद्या सकाळी सहाला मांडव झाडायला कोण येणार?

एकही हात नाही! वा! मिळाला 'नाही'! मेलो का मी? परत विचारतो. कोण येणार? हं, एक हात. तबलजी! त्यांनी पहिल्या 'नाही'चं फेडलं बघा. परत विचारतो… चार. बघा, वाढतायत!

आता हात खाली घ्या. खरं विचारायचं ते पुढंच आहे. या मांडवात असा एक माणूस नक्की आहे, ज्यानं आपल्या धाकट्या भावाला बारा वर्षांत 'जेवायला येतोस का' एवढं विचारलेलं नाही. मनात येतं, तो नाहीच म्हणेल. मग म्हणतो, बघू, घाई नाही. मी नाव घेत नाही. माझी नजर कुणाकडंही जात नाहीये. मी आपला समईकडं बघतोय.

अरे बाबा, तो नाही म्हणेल. म्हणू दे! पंखा पडणार नाही. मग विचार, का नाही. तो जे सांगेल ते ऐक. बारा वर्षं तू मोटर आणि जाळी सांगत बसलास, त्याच्या घरातला आवाज तुला माहीतच नाही. आणि परत विचार. तोही ओट्यावर उभा राहून कोपऱ्यापर्यंत बघत असेल, तुझी रिक्षा थांबते का म्हणून.

आरतीचं तबक येतंय. आरती होईपर्यंत फोन बंद. आरती झाली की चालू करायचा आणि एक फोन लावायचा. कोणाला, ते ज्याचं त्याला माहीत.

बोला, गुरुदेव दत्त!

हळू बोललात. परत विचारतो – बोला!